आटलेला समुद्र आणि जिवंत खडप

माझ्या मेहुणीचे सासर पांढुर्ण्याचे. गोव्याची मुलगी एवढ्या लांब कशी दिली, असे आमच्याकडे अजूनही लोक विचारतात. पण तो इतिहास वेगळा, त्यात आज शिरत नाही. नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पांढुर्णा लागते. महाराष्ट्राची हद्द ओलांडली की लगेचच. स्टेशनावरच्या पाट्या हिंदीत, पण फलाटावर कानावर पडते ती मराठी, आणि तीही अशी वऱ्हाडी-नागपुरी ठसक्याची, की आमच्यासारख्या अंत्रुजी कानांना पहिले दोन दिवस सवय करून घ्यावी लागते.

पांढुर्ण्याची ओळख बाहेरच्या जगाला दोनच गोष्टींनी. एक संत्री आणि दुसरी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवरून, पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणारी गोटमार. २०२३ च्या ऑक्टोबरात छिंदवाड्यातून वेगळा काढून पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होता. मग भाषावार रचना झाली, नागपूर इकडे आले आणि सौंसर-पांढुर्णा तिकडे राहिले. सोळा जानेवारी १९६७ चा जनमत कौल ज्यांच्या घरात अजून जेवणाच्या ताटावर निघतो, त्या आम्हा गोवेकरांना हे दुखणे समजावून सांगावे लागत नाही. असो.

मेहुणीचे सासरे निवृत्त शिक्षक. सगळा गाव त्यांना गुरुजी म्हणतो, मीही म्हणतो. गेल्या खेपेला मृग बहाराच्या संत्र्यांच्या दिवसांत आम्ही गेलो होतो. अंगणात संत्री सोलत बसलो असताना मी नेहमीच्या गोवेकरी आढ्यतेने बोलून गेलो, की बाकी सगळे ठीक, पण तुमच्याकडे समुद्र नाही.

गुरुजी हसले. म्हणाले, "पाहुणे, समुद्र का तुमच्या एकट्याचाच हाये का? आमच्या इकडंही होता नं. आटला तो."

मला ती थट्टा वाटली. ते आत गेले आणि मुठीएवढा एक दगड घेऊन आले. गारगोटीच्या जातीचा, तपकिरी-काळसर, एका बाजूने तुटलेला. तुटलेल्या बाजूवर खोडाच्या कापासारखी बारीक छिद्रे दिसत होती. नागपूरला बी.एस्सी.ला असताना वर्गाबरोबर सहलीला गेले, तेव्हा तो त्यांनी उचलून आणला होता. गाव मोहगाव कलां. मी घाईघाईने म्हटले, मोहगाव म्हणजे हे आपल्या सौंसरजवळचे ना? उद्याच जाऊ. तर ते नव्हे. मोहगाव कलां छिंदवाडा शहराच्याही पलीकडे, पूर्वेला. सौंसर, पांढुर्णा आणि ते गाव २०२३ पर्यंत एकाच जिल्ह्यात होते एवढेच. दुसऱ्या दिवशी आम्ही सौंसरपर्यंत गेलो, जामसावळीच्या पहुडलेल्या हनुमंताचे दर्शन घेतले आणि परतलो. मोहगाव कलां पाहणे राहून गेले. पण त्या दगडाने डोक्यात घर केले. पणजीला परतल्यावर मी जमेल तिथून माहिती गोळा करायला लागलो. मी कला शाखेचा माणूस, भूगर्भशास्त्राशी माझा संबंध शाळेतल्या भूगोलापुरता. तेव्हा चूकभूल जाणकारांनी पदरात घ्यावी.

दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे सह्याद्रीच्या कड्यांत पायऱ्यापायऱ्यांनी दिसतो तो, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरून तयार झाला. दोन उद्रेकांच्या मध्ये हजारो वर्षांची उसंत मिळे. तेवढ्यात तळी साचत, झाडे उगवत, मासे-शिंपले नांदत, आणि मग पुढचा लाव्हा त्यावर पसरे. दोन लाव्हांमध्ये चिमटलेले हे थर म्हणजे त्या उसंतीच्या काळाची नोंदवही. नागपूर भागातल्या या नोंदवहीची पहिली पाने उलगडली ती स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचे. १८६३ साली टाकळघाटजवळची दगडी वर्तुळे पाहून परतताना तो ओढ्याच्या पुरात वाहून गेला.

मोहगाव कलांचे नाव जगात गेले ते बिरबल साहनी यांच्यामुळे. १९३७ साली साहनी आणि के. पी. रोडे यांनी तिथल्या वनस्पती-जीवाश्मांवर निबंध प्रसिद्ध केला. पुढे साहनींनी १९४३ साली तिथल्याच एका फळाला नाव दिले 'एनिग्मोकार्पन', म्हणजे कोड्यात टाकणारे फळ. मातीत सिलिका मुरून दगड झालेले हे फळ इतके शाबूत, की त्याचा पातळ काप घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर पेशी मोजता येतात. नागपूरच्या व्ही. बी. शुक्ला यांनी फूल शोधले, त्याला साहनींचे नाव दिले. आणि मग नाव येते शया चितळे यांचे. नागपूरच्या या विदुषींनी मोहगाव कलांच्या दगडांवर वर्षानुवर्षे काम केले, पुढे अमेरिकेत क्लीव्हलँडच्या निसर्गेतिहास संग्रहालयात पुरावनस्पतींच्या विभागाची जबाबदारी सांभाळली आणि २०१३ साली त्या वारल्या. आपल्या मराठी वाचकांना त्यांचे नाव किती ठाऊक आहे? मला तरी नव्हते.

चितळेबाईंनी १९६९ साली मोहगाव कलांच्या एका मुळाचे वर्णन केले. ते मूळ होते सोनेरेशियाच्या जातीच्या झाडाशी जुळणारे. सोनेरेशिया म्हणजे आपली चिप्पी. चोडणच्या फेरीतून उतरल्यावर चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी जी मुळे वर आलेली दिसतात, त्या खारफुटीच्या गोतातली. याखेरीज तिथे नायपा ताडाची फळे सापडली. हा ताड आज सुंदरबनात आणि अंदमानात भरतीच्या पाण्यात उभा असतो, बंगाली माणूस त्याला गोलपाता म्हणतो. ही झाडे गोड्या तळ्याच्या काठी वाढत नाहीत. त्यांना खाडी लागते आणि खाडीला समुद्र लागतो.

पुढे १९८१ साली लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या संशोधकांनी त्याच गावच्या दगडांतून आणखी दोन वनस्पती ओळखल्या. पेसोनेलिया आणि डिस्टिकोप्लॅक्स. नावे अवघड, गोष्ट सोपी. ही चुना धरणारी तांबडी शेवाळे. यातले दुसरे केव्हाच नामशेष झाले, पण पेसोनेलियाची भावंडे आजही उबदार समुद्रात खडकांवर पापुद्र्यासारखी पसरतात. प्रवाळाची खडपे नुसत्या प्रवाळाने बांधली जात नाहीत. प्रवाळ म्हणजे विटा धरल्या, तर अशी चुनखडी शेवाळे म्हणजे त्यांमधला गिलावा.

शेवटचा पुरावा त्याच परिसरातल्या झिलमिली गावचा. २००९ साली गेर्टा केलर आणि सहकाऱ्यांनी, ज्यांत नागपूरचे डी. एम. मोहबे हेही होते, तिथल्या दोन लाव्हांमधल्या थरात फोरामिनिफेरा नावाचे सूक्ष्म जीव सापडल्याचे प्रसिद्ध केले. पाण्यावर तरंगणारे, समुद्रातच जगणारे, आणि डायनासोर संपल्यानंतरच्या लगतच्या काळातले. त्यांचे म्हणणे असे, की नर्मदा-तापीच्या खोलगट पट्ट्यातून समुद्राचा एक हात तेव्हा छिंदवाड्यापर्यंत आला असावा. आजच्या किनाऱ्यापासून ही जागा सातशे-आठशे किलोमीटर आत आहे. हे सगळ्यांनाच मान्य नाही. गोड्या पाण्यातल्या प्राण्यांचे जीवाश्म तिथे भरपूर सापडतात, त्यामुळे एवढा लांब समुद्र आला हे काही भूशास्त्रज्ञ स्वीकारत नाहीत. मात्र त्याही आधी, नर्मदेच्या खोऱ्यात धार जिल्ह्यातल्या बागपर्यंत समुद्र आला होता, याविषयी वाद नाही. तिथल्या एका चुनखडकाला 'कोरलाइन' म्हणजे प्रवाळी हे नाव पडले, आणि गंमत अशी की त्यात प्रवाळ नव्हे, ब्रायोझोआ नावाचे दुसरेच वसाहती करून राहणारे जीव आहेत. नाव एकदा कागदावर चढले की ते बदलणे किती कठीण, हे सरकारी नोकराला वेगळे सांगायला नको.

हे सगळे वाचताना मला गुरुजींचे वाक्य आठवत होते. आटला तो. मग असे वाटले, की आटलेल्या समुद्राविषयी एवढे काही मला कळले, ते कुणीतरी दगड जपले, घासले, पाहिले म्हणून. आणि जो समुद्र माझ्या दारात भरलेला आहे, त्याच्या तळाशी काय आहे, हे मला किती ठाऊक होते? प्रवाळ म्हटले की लक्षद्वीप आणि अंदमान, एवढेच.

खरे तर हा शोध आपल्या दोनापावलच्याच माणसांनी लावला. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेला १९७६ साली 'गवेषणी' हे जहाज मिळाले. त्याच्या सफरीत कर्नाटकातल्या मलपेपासून सुमारे शंभर किलोमीटर आत एक बुडालेला उंचवटा सापडला, त्यावर जिवंत प्रवाळ होते. त्याला जहाजाचेच नाव दिले, गवेषणी बँक. १९७९ साली संस्थेचे तेव्हाचे संचालक एस. झेड. कासिम आणि एम. व्ही. एम. वाफर यांनी मालवणसह पश्चिम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याचे लिहिले. तोवर समज असा, की आमच्या किनाऱ्याला पावसाळ्यात नद्या इतका गाळ आणि गोडे पाणी आणून ओततात, की प्रवाळ इथे तग धरणारच नाही. प्रवाळाला ऊन लागते, कारण त्याच्या शरीरात सूक्ष्म शेवाळ राहते आणि तेच उन्हावर अन्न करून त्याला पोसते. गढूळ पाण्यात ऊन पोचत नाही. तरीही मालवणच्या खडपांवरचे प्रवाळ दरवर्षीचा पावसाळा काढतात. दिसायला ते चित्रातल्यासारखे रंगीत बगीचे नव्हेत. खडकाला चिकटलेले गोटे, थाळ्या, पापुद्रे. पण त्यांच्या कपारींत शेवंड लपते, गोबरे आणि तांबोशी वाढतात, फुलपाखरू-मासे जोडीने फिरतात, पंख्यासारखे प्रवाळ प्रवाहाला आडवे उभे असतात. बाजारात येणाऱ्या कित्येक माशांचे बाळपण अशा खडपांत जाते.

याच खडपांनी एकदा इतिहासही घडवला आहे. १६६४ च्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. जागा अशी, की चहूबाजूंनी पाण्याखाली खडक, मोठे गलबत अंदाज नसताना जवळ आले की तळ फुटलाच. वाट फक्त तिथल्या होडीवाल्यांना ठाऊक. आपण तटाची लांबी आणि बुरुजांची संख्या मुलांना पाठ करायला लावतो. तटाबाहेरचा हा जो न बांधलेला तट, त्याची कुणी आठवण काढत नाही.

तेरा एप्रिल १९८७ रोजी महाराष्ट्र शासनाने इथे मालवण सागरी अभयारण्य जाहीर केले. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर, त्यातला गाभा जेमतेम सव्वातीन. सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड आणि भोवतालची बुडती खडपे त्या गाभ्यात येतात. कायदा १९७२ चा वन्यजीव संरक्षणाचा, म्हणजे मुळात वाघ-हरणांचा विचार करून केलेला. जंगलाला कुंपण घालतात तसे समुद्राला घालायचे, तर त्या पाण्यावर पोट असलेल्या गाबितांचे काय? मालवणच्या मच्छीमारांनी पहिल्यापासून विरोध केला आणि माझ्या मते त्यांचे म्हणणे नुसता हट्ट नव्हता. किनाऱ्यावरून ओढायची रापण किंवा लहान होडीतली जाळी खडपाला जेवढा धक्का देतात, त्याच्या कितीतरी पट नासधूस तळ खरवडत जाणारा ट्रॉलर करतो, आणि थव्यांचे थवे वेढून उचलायला पर्ससीन आहे. पारंपरिक मच्छीमारांचा वर्षानुवर्षांचा झगडा या यांत्रिक बोटींशी आहे. आणि इथे आम्ही गोवेकरांनी थोडे खाली बघायला हरकत नाही, कारण मालवणकर ज्या परराज्यातल्या बोटींविषयी तक्रार करतात, त्यांत मलपेबरोबर गोव्याचेही नाव असते. २०१६ साली महाराष्ट्राने पर्ससीनवर निर्बंध घातले, २०१७ साली केंद्राने एलईडी दिव्यांची मासेमारी बंद केली. आदेश आहेत.

दुसरा धोका आला तो पर्यटनाच्या वेषात. मालवण-तारकर्लीला पाण्याखाली बुडी मारून मासे बघण्याचा धंदा वाढला. मच्छीमारांच्या पोरांना रोजगार मिळाला हे चांगलेच झाले. पण दोनापावलच्या संस्थेतल्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात या हौशी बुड्यांमुळे अभयारण्यातले प्रवाळ मोडत असल्याचे नोंदवले. पोहता न येणारा माणूस पाण्याखाली गेला की हाताला लागेल ते धरतो, पाय टेकायला जागा शोधतो. तो उभा राहतो ते प्रवाळावर. त्यात पाणी तापणे आहेच. पाणी प्रमाणाबाहेर तापले की प्रवाळ आपल्यातले शेवाळ बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. लवकर थंडावले तर सावरतो, नाही तर मरतो. २०१६ च्या सुमारास मालवणलाही हे दिसले होते. २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातल्या अशा चौथ्या लाटेची घोषणा केली.

किनाऱ्याजवळच्या खडपाची ही कथा. आता आतल्या खडपाची. विजयदुर्गापासून सुमारे शंभर किलोमीटर पश्चिमेला, चहूकडे खोल पाणी असताना, मधेच एक पठार वर येते. लांबी चाळीसेक किलोमीटर, माथ्यावर पाणी वीस-पंचवीस मीटर. नद्यांचा गाळ इथवर पोचत नाही, पाणी नितळ, त्यामुळे मालवणात न दिसणारा प्रवाळाचा थाट तिथे आहे. नाव आंग्रिया बँक. कान्होजी आंग्रे यांच्या नावाचे हे भारतीय समुद्रातले बहुधा सर्वांत मोठे स्मारक, आणि ते नाव चालू राहिले इंग्रजी सागरी नकाशांतून. ज्यांना ते आयुष्यभर चाचा म्हणत आले, ज्यांच्याविरुद्ध १७२१ साली इंग्रज आणि आमचे पोर्तुगीज दोघे हातात हात घालून कुलाब्यावर चालून गेले आणि हात हलवीत परतले, त्यांचेच नाव. १७५६ साली विजयदुर्ग पडला, आंग्र्यांचे आरमार जळाले, समुद्राखालचे नाव तेवढे राहिले.

पण नाव असले म्हणून संरक्षण मिळत नाही. राज्याचा अंमल किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत, म्हणजे बावीसेक किलोमीटर. आंग्रिया त्याच्या कितीतरी पलीकडे, पण दोनशे मैलांच्या आत. अभयारण्याचा कायदा तिथे लागू करता येईना. मग १९७६ चा सागरी क्षेत्रांचा कायदा शोधून काढला गेला, ज्यात 'निर्देशित क्षेत्र' जाहीर करण्याची तरतूद आहे. २०२० साली महाराष्ट्राच्या राज्य वन्यजीव मंडळाने सुमारे २,०११ चौरस किलोमीटरचा आंग्रिया बँक असा जाहीर करावा, या प्रस्तावाला मान्यता दिली. जाहीर करणे केंद्राच्या हातात. मान्यता, शिफारस आणि अधिसूचना हे तीन वेगळे कागद असतात आणि तिन्हींच्या मधल्या अंतरात किती पावसाळे जातात, हे वीस वर्षे फाइली बांधून मला चांगले कळलेले आहे. योगायोग पाहा, त्याच २०२० साली महाराष्ट्राने पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवन वृक्ष ठरवला. सोनेरेशियाच. मोहगाव कलांच्या दगडात जिच्या गोतातले मूळ सापडले, ती.

आणि गोवा? वास्कोसमोरच्या ग्रँड आयलंडभोवती प्रवाळ आहेत. रोज बोटी भरून पर्यटक तिथे नेऊन बुडवले जातात. २००१ साली खडप बांधणारे सगळे प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले, त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने तिथला प्रवाळ आणि रानातला वाघ एकाच रांगेत. पण ती जागा म्हणून राखलेली नाही. गोव्याच्या समुद्रात एकही सागरी अभयारण्य नाही. आमची सगळी अभयारण्ये घाटात, आणि एक चोडणला पाखरांचे.

या डिसेंबरात गुरुजी नातवाला घेऊन गोव्याला आले. मी त्यांना मालवणला नेले. जेटीवरून होडीत बसलो. गुरुजी आयुष्यात दुसऱ्यांदा समुद्र बघत होते, पण घाबरले नाहीत. पद्मगडाकडे बोट दाखवून होडीवाल्याला म्हणाले, "हे सगळं अभयारण्य हाये म्हणते. मग तशी पाटी कुठं दिसत नाही."

होडीवाला पन्नाशीचा असावा. त्याने इंजिन हळू केले. "कागदार आसा," तो म्हणाला. "एकोणीसशे सत्याऐंशीक केल्यानी. माझ्या बापाशीक कोणी विचारूंक नाय. पण खडपा खंय आसत, ती माका ठावक आसत." आणि त्याने डावीकडे वळण घेतले, जिथे पाण्याचा रंग थोडा काळसर दिसत होता, तो भाग टाळून.

नातू काठावरून वाकून खाली बघत होता. गुरुजींनी त्याची मान धरली होती आणि स्वतःही वाकले होते. पाणी त्या दिवशी गढूळ होते, काही दिसले नाही.